विधेयकावर सूचना पाठवून उपयोग होतो का? मी पाठवली होती, म्हणून सांगते

तुमचे प्रश्न दोन आहेत. सरकार एखाद्या विधेयकावर लोकांकडून सूचना मागवतं, तेव्हा सामान्य माणसाने लिहून फरक पडतो का? आणि कर वाढला की लोक लगेच पेटून उठतात, मग हक्कांवर येणाऱ्या कायद्याबद्दल गप्प का राहतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला रोजच्या कामात दिसतं, म्हणून आधी ते.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात पगारपत्रक बनवते. दर वर्षी फेब्रुवारीचा पगार झाला की दोन दिवस माझ्या टेबलाशी रांग लागते. "मॅडम, या महिन्यात शंभर रुपये जास्त कापले." मग मी सांगते: हा व्यवसाय कर आहे. महिना २०० रुपये, ११ महिने म्हणजे २२०० आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे बरोबर २५००. यापेक्षा जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, कारण घटनेच्या कलम २७६ मध्येच ती मर्यादा आहे. २०२३ च्या एप्रिलपासून २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर माफ झाला. तेव्हा पॅकिंग विभागातली एक जण घाबरून माझ्याकडे आली होती. तिला वाटलं, कापायचे राहून गेले आणि आता एकदम कापतील. स्लिपवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

सांगायचं हे की शंभर रुपयांचा फरकसुद्धा माणसाला दिसतो, कारण तो हातातल्या कागदावर छापलेला असतो. त्याबद्दल विचारायला येणाऱ्यांचा मला कधीच कंटाळा येत नाही. उलट, हा कर कशासाठी सुरू झाला तेही मी सांगते. ७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, म्हणून १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर हा कर बसवला. हे ऐकल्यावर चिडून आलेला माणूसही बहुतेक वेळा शांत होतो. एकाने तर सांगितलं, "माझी आई रोहयोच्या खडीवर होती." मग आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

आता २०२५ चा जुलै आठवा. नक्षलवादाला आळा घालायचा म्हणून सरकारने आणलेलं जनसुरक्षा विधेयक १० तारखेला विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, दुसऱ्या दिवशी विधान परिषदेतही. आणि १४ तारखेला मद्यावरच्या करवाढीविरुद्ध राज्यभर परमिट रूम बंद राहिले. त्यांचा बंद चुकीचा होता असं मी अजिबात म्हणत नाही. धंदा त्यांचा, झळ त्यांना, त्यांनी आवाज उठवलाच पाहिजे. संघटित आवाजाने कर मागे गेल्याचंही आपण पाहिलं आहे. एलबीटी, म्हणजे महापालिकांच्या स्थानिक संस्था कराविरुद्ध व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून ठेवून अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांची त्यातून सुटका करून घेतली. पण २०२५ च्या त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये परमिट रूमच्या बंदची चर्चा झाली आणि जनसुरक्षेचं नाव एकानेही काढलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. तो कायदा कुणाच्याच स्लिपवर दिसत नाही. ज्याच्यावर तो लागू होईल त्यालाच तो दिसणार, आणि तेही दारात पोलीस आल्यावर.

आता पहिला प्रश्न, सूचनांचा. हे विधेयक पहिल्यांदा २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात आलं, मग डिसेंबरात नागपूरला पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष होते चंद्रशेखर बावनकुळे. समितीने लोकांकडून सूचना मागवल्या आणि १२ हजारांहून जास्त आल्या. त्यातली एक माझी.

मी का लिहिलं ते सांगते. माझं माहेर मुळशी खोऱ्यातलं. १९२१ साली धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या मागे जी माणसं सत्याग्रहाला बसली, त्यांत आमच्या घरातलेही होते. जमीन गेलीच, पण ते बसले होते हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. विधेयकाचा मूळ मसुदा वाचताना मी बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येपाशी अडले. सुव्यवस्थेत अडथळा आणण्याकडे कल असलेली कृतीही त्यात होती, आणि प्रस्थापित कायदा मोडायला सांगणं, त्याचा प्रचार करणं हेही होतं. शिक्षा दोन ते सात वर्षं, गुन्हे अजामीनपात्र. मला वाटलं, सत्याग्रह म्हणजे तरी दुसरं काय असतं? नक्षलवादी हिंसेचा बंदोबस्त व्हायला हवा, त्याबद्दल माझं दुमत नाही. गडचिरोलीत पोलिसांनी आणि आदिवासींनी काय सोसलंय ते मला माहीत आहे. पण हिंसेसाठी आणलेल्या कायद्यात जमिनीसाठी रस्त्यावर बसलेला शेतकरी सापडू नये, एवढं स्पष्ट लिहा, असं मी दीड पानात लिहिलं.

फरक पडला का? काही ठिकाणी पडला. मूळ मसुद्यात व्यक्ती आणि संघटना दोन्हींचा उल्लेख होता. समितीनंतर प्रस्तावनेत कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असा शब्दप्रयोग आला. तपास फौजदाराऐवजी किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. संघटनेवरची बंदी योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांकडे आणि त्यांच्याबरोबर निवृत्त जिल्हा न्यायाधीश व सरकारी वकील, अशी रचना झाली. हे बदल लहान नाहीत. ज्याच्यावर गुन्हा दाखल होईल, त्याला तपास कोण करतो याने खूप फरक पडतो. पण कोणतं कृत्य बेकायदेशीर, हे ठरवणाऱ्या व्याख्येतला मोघमपणा माझ्या वाचनाप्रमाणे तसाच राहिला. माझी हरकत त्यावरच होती. हजारो लोकांनी तर विधेयकच मागे घ्या म्हणून लिहिलं होतं, ते झालं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे. समितीत विरोधी पक्षांचेही आमदार होते, तरी अहवालाला एकाचीही भिन्न मतपत्रिका, म्हणजे लेखी असहमती, जोडलेली नव्हती. विधानसभेत ठामपणे विरोध नोंदवला तो डहाणूचे विनोद निकोले यांनी, म्हणजे माकपच्या एकुलत्या एका आमदाराने. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, पण तोवर वेळ निघून गेली होती. बारा हजार माणसं लिहितात आणि त्यांचं म्हणणं सभागृहात मांडायला माणूस मिळत नाही, ही खरी अडचण आहे.

करांच्या बाबतीत तर लिहिण्याची एवढीही सोय नसते. अर्थसंकल्पात घोषणा होते आणि महिन्याभरात दर लागू. धन विधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाचं विधेयक, विधान परिषदेला १४ दिवसांपेक्षा जास्त रोखून धरता येत नाही, आणि कित्येक दर तर नुसत्या अधिसूचनेने बदलतात. त्यामुळे तिथे मत द्यायचं ते आधी नाही, नंतर, आणि तेही बंद करून. म्हणून मला वाटतं, ज्या विधेयकावर आपल्याला आधी विचारलं जातं, तिथे तरी ती संधी सोडू नये.

तुम्ही लिहिणार असाल तर एवढं करा. मसुदा मराठीतच मिळतो, तो स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर आलेला तयार मजकूर पुढे पाठवू नका. कलमाचा क्रमांक, खटकलेला शब्द, त्याऐवजी कोणता हवा आणि तो का, एवढं एका पानात बसतं. एक प्रत तुमच्या आमदारांना द्या आणि पोच घ्या. आवाजी मतदानात कोण हो म्हणालं, कोण नाही, याची नावानिशी नोंद राहत नाही. म्हणून विधेयक सभागृहात येण्याआधीच त्यांना लेखी विचारा, तुमची भूमिका काय. मी हे विचारलं नव्हतं. सूचना समितीला पाठवली आणि काम झालं असं समजून बसले. पुढच्या वेळी आधी आमदारांच्या कार्यालयात जाणार आहे.