मध्य आशियातील देशांपुढे आज कोणती राजकीय आणि सामाजिक आव्हाने आहेत?

1991 साली सोव्हिएत संघातून स्वतंत्र झालेल्या कझाकस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान आणि तुर्कमेनिस्तान या पाच देशांपुढचा सर्वांत खडतर प्रश्न, माझ्या मते, पाण्याचा आहे. उझबेकिस्तानातील मुयनाक हे एके काळी अरल समुद्रावरचे गजबजलेले मासेमारी बंदर होते. 1960 च्या दशकापासून अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले गेले, आणि आता तिथे गंजलेल्या बोटी वाळूत रुतून उभ्या आहेत व क्षितिजापर्यंत पाण्याचा मागमूस नाही. त्यातच अफगाणिस्तानने 2022 मध्ये अमू दर्यावरून कोश तेपा कालव्याचे काम सुरू केले, आणि पाणीवाटपाच्या 1992 च्या करारात तो देश सहभागीच नसल्याने त्याला नेमके कोणत्या नियमाने अडवायचे, हा पेच कायम आहे.

सत्तांतराची रुळलेली वाट जवळपास कुठेच नाही. कझाकस्तानात जानेवारी 2022 मध्ये गॅसच्या दरवाढीवरून झानाओझेन शहरात सुरू झालेले आंदोलन काही दिवसांतच देशभर पसरले, दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि सरकारला रशियाच्या नेतृत्वाखालील फौजा बोलवाव्या लागल्या. (भडका गॅसचा असला, तरी खदखद जुनीच होती.)

ताजिकिस्तान आणि किरगिझस्तान येथील असंख्य कुटुंबे रशियात राबणाऱ्या मुलांच्या पैशांवर चालतात. मार्च 2024 मधील मॉस्कोजवळच्या दहशतवादी हल्ल्यानंतर तिथे स्थलांतरितांवरील निर्बंध कडक झाले आणि त्याची झळ थेट या घरांना बसली. दिलासा एवढाच की, ताजिकिस्तान आणि किरगिझस्तान यांनी आपसातील सीमावाद मिटवणाऱ्या करारावर मार्च 2025 मध्ये सह्या केल्या.