‘लपून गोळी देत होते, आता तो घरचं जेवतच नाही’

ताई,

मुलगा २७ वर्षांचा, दोन वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. गोळी घेईना म्हणून तुम्ही ती कुटून चहात घालत होतात. ते त्याच्या लक्षात आलं आणि आता तो पाकीटबंद बिस्किटांवर आहे. यजमान म्हणतात, लग्न लावून देऊ, ठिकाणावर येईल.

जीव तुटत होता म्हणून तुम्ही हे केलंत. तरीही पुन्हा करू नका. जेवणात कुणीतरी काही कालवतं हा त्याच्या आजारातला संशय, आणि चहाने तो खरा ठरवला. शिवाय कप अर्धा राहिला की डोस अर्धा. डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, ते मात्रा वाढवतात. मग एखाद्या दिवशी तो पूर्ण कप पितो आणि दिवसभर झापड येते किंवा मान आखडते.

आता औषध पोटात जातच नाही, म्हणजे आजार पुन्हा उसळू शकतो. याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. तो येत नसेल तर तुम्ही दोघंच जा. रिकाम्या स्ट्रिप्स न्या, कधीपासून, किती, कशात घालत होतात ते सगळं सांगा. झोप किती, एकटा बोलतो का, काय खातो, हे रोज दोन ओळींत लिहून ठेवलं तर ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

मग त्याला सांगा. घर शांत असताना, तुम्ही एकट्याच. वडील दारात उभे नकोत. “चहात गोळी मी घालत होते. आता कधीच घालणार नाही. तुझं ताट तूच वाढून घे.” एवढंच. लगेच गोळीचा विषय काढू नका. शेजारी कट करतात म्हणाला तर वाद नको, होकारही नको: “मला तसं दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे कळतं.” टेकडीच्या गणपतीला जाऊ म्हणून गाडीत बसवून दवाखान्यात तर मुळीच नेऊ नका.

डॉक्टरांना लांब पल्ल्याच्या इंजेक्शनबद्दल विचारा. औषधानुसार ते बहुधा दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं असतं. आधी त्याच औषधाची गोळी सोसते का ते पाहतात. रोजचा वाद त्याने मिटतो, म्हणून काही मुलं गोळीपेक्षा याला लवकर तयार होतात. इंजेक्शनसोबत थरथर थांबवणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी असेल तर घाम कमी येतो आणि ऊन बाधतं. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी त्याला बाहेर पाठवू नका, पाणी पीत राहू द्या.

तो स्वतःला किंवा कुणाला इजा करू पाहत असेल, किंवा खाणंपिणंच सोडलं, तर थांबू नका. मेडिकल किंवा मेयो ही नागपूरची सरकारी रुग्णालयं, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालय गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ८९ खाली, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी स्वतंत्रपणे तपासून गरज मानली, तर त्याचा नकार असतानाही ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. रात्री काय करावं सुचेना तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं. अंगावर धावून आला तर ११२, आणि पोलिसांना पहिल्याच वाक्यात सांगा की तो आजारी आहे.

लग्नाने हा आजार बरा होत नाही, आणि तो लपवून केलेलं लग्न त्या मुलीवर अन्याय आहे. यजमानांना डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्याच. हे त्यांनी तिथेच, तोंडावर ऐकलेलं बरं.