पी व्हॅल्यू 0.068 आली, म्हणजे प्रयोग फसला का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी एमएस्सी बॉटनी भाग 2 ला आहे. प्रोजेक्टसाठी वांग्याच्या 50 बिया बीजामृतात (शेण-गोमूत्राचं बीजप्रक्रियेचं द्रावण) भिजवल्या, 50 साध्या पाण्यात. बीजामृतातल्या 41 उगवल्या, पाण्यातल्या 33. काय-स्क्वेअर (दोन गटांतला फरक तपासायची चाचणी) 3.33 आला आणि पी व्हॅल्यू 0.068. मैत्रीण म्हणते अजून वीस-वीस बिया लाव, येईल 0.05 च्या खाली. तसं केलं तर चालेल का? आणि नाही आली तर बीजामृताचा उपयोग नाही असंच लिहायचं का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: अगं आधी एक सांगते, तुझा प्रयोग अजिबात फसलेला नाही. आपल्याकडे 0.05 ला पास-नापासची रेघ करून ठेवलीय, पी त्याखाली आला तरच फरक खरा मानायचा, आणि त्यात चांगली चांगली मुलं उगाच रडकुंडीला येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पी व्हॅल्यू म्हणजे काय ते चहावरून बघ. 1920 च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या शेवाळांवर काम करणाऱ्या बाई होत्या, त्या म्हणायच्या की कपात दूध आधी घातलंय की चहा हे मला चवीवरून कळतं. रोनाल्ड फिशर तिथेच होते, त्यांनी यावरून जो प्रयोग पुढे 1935 च्या पुस्तकात मांडला तो असा: 8 कप, 4 मध्ये दूध आधी, 4 मध्ये चहा आधी, क्रम लॉटरीने, आणि दूध आधीवाले 4 ओळखायचे. 8 मधून 4 कप 70 प्रकारे निवडता येतात, त्यातला एकच प्रकार पूर्ण बरोबर. म्हणजे बाईंना काहीही कळत नाही असं धरलं तर नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता 70 त 1, साधारण 0.014. हीच पी व्हॅल्यू. पण एक कप जरी चुकला, म्हणजे 4 पैकी 3 च बरोबर आले, की तेवढं किंवा त्याहून चांगलं जमण्याची शक्यता होते 70 त 17, म्हणजे 0.24, मग कोण विश्वास ठेवणार!

तुझंही तसंच. बीजामृताने काहीच फरक पडत नाही असं धरलं तरी 8 बियांचा किंवा त्याहून मोठा फरक, कुठल्याही बाजूने, शंभरात साधारण 7 वेळा दिसेल. एवढंच. बीजामृत उपयोगी असण्याची शक्यता 93 टक्के असा त्याचा अर्थ नाही, ही चूक तर शिकवणारेही करतात. तू फरक आणि त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला, लिही: उगवण 66 ऐवजी 82 टक्के, म्हणजे शंभर बियांमागे 16 ने जास्त, 95 टक्के इंटरव्हल उणे 1 ते अधिक 33. वाचणाऱ्याला लगेच कळतं की फायदा बराच असू शकतो, शून्यही असू शकतो, बिया कमी पडल्या. "उपयोग नाही" असं लिहू नकोस, तसं सिद्ध झालेलंच नाही.

मैत्रिणीचं मात्र ऐकू नकोस. थोड्या बिया लावायच्या, पी बघायचा, नाही जमलं की अजून लावायच्या, आणि 0.05 च्या खाली गेला की थांबायचं, असं सारख्या अंतराने 5 वेळा बघितलं तर खोटा फरक सापडण्याची शक्यता 5 टक्के राहत नाही, 14 च्या आसपास जाते. पुन्हा करायचंच तर आकडा आधी ठरवून नव्याने कर. फरक खरोखर 66 विरुद्ध 82 टक्के असेल तर 80 टक्के पॉवरसाठी (म्हणजे तो फरक 100 पैकी 80 प्रयोगांत पकडला जावा यासाठी) प्रत्येक बाजूला साधारण 115 बिया लागतील.

आता एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस पण मला तीच जास्त खटकतेय. बिया पेट्री डिशमध्ये होत्या ना? समज एका डिशमध्ये 10 होत्या. एका डिशला बुरशी लागली की चार-पाच बिया एकदम जातात, ओल कमी पडली तरी सगळ्यांनाच पडते, मग त्या 10 बिया एकमेकींपासून स्वतंत्र कुठे राहिल्या? काय-स्क्वेअर तर स्वतंत्र धरूनच चालतो. अशा वेळी 50 विरुद्ध 50 बिया नाही, 5 विरुद्ध 5 डिश मोजायच्या, प्रत्येक डिशची उगवण टक्केवारी काढून टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायची चाचणी, लावायची. सॅम्पल छोटं म्हणून घाबरू नकोस, डब्लिनच्या गिनेस ब्रूअरीतल्या गॉसेटने 1908 मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने ही पद्धत मांडली ती छोट्या सॅम्पलसाठीच. डिशवार आकडे वहीत असतील तर पाठव, पुढच्या अंकात ते गणित पूर्ण करून दाखवते.