खाडाखोडीची वही

"मॅडम, मला काही सुचतच नाही. माझ्यातलं ते संपलं असावं."

खुर्चीत बसल्याबसल्या त्या बाईंनी पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. कापडी बांधणी, जाड पानं, मध्ये खुणेची रेशमी फीत. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने भेट दिलेली. मी पहिलं पान उघडलं, मग मधलं, मग शेवटचं. सगळी वही कोरी. घरी जलरंगांची डबी होती, ब्रश होते, नक्षीच्या चिकटपट्ट्या होत्या. "कपाट उघडलं की अपराधी वाटतं. रोज थोडंसं काहीतरी करायचं, एवढंच तर ठरवलं होतं."

ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. आर्ट जर्नल करायचं असतं, म्हणजे चित्रं, कात्रणं, शब्द, रंग सगळं एकत्र मांडायची एक वही. पण बसलं की डोकं रिकामं. कुणी म्हणतं वेळ मिळत नाही, कुणी म्हणतं मला चित्र काढता येत नाही. थोडं खोदलं की बहुतेक जण याच वाक्यापाशी येतात: सुचत नाही. म्हणून हा एक अनुभव लिहिते आहे. त्यांच्या परवानगीने, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

पहिल्या भेटीत मी वहीबद्दल फार बोललेच नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, पूर्वी ज्यात रमायच्या त्यात अजून रमता का, एवढंच विचारलं. कारण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रश्न वहीचा नसतो. तिथे रंगपेटी हा उपाय नाही, मनोविकारतज्ज्ञांकडेच जायला हवं. यांचं तसं नव्हतं. झोप चांगली होती, वाचन चालू होतं, भाचीच्या गप्पा सांगताना चेहरा खुलत होता. अडलं होतं ते फक्त या एका जागी.

"दिवसभर काय करता?"

"प्रुफं तपासते. मुद्रितशोधक आहे. वीस वर्षं झाली."

मग त्या सहज म्हणाल्या, "आता रस्त्यावरच्या पाट्या वाचतानासुद्धा आधी ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. मजकूर नंतर."

हे वाक्य मी लगेच माझ्या कागदावर उतरवून घेतलं. दिवसाचे आठ तास ज्यांची नजर चुका शोधते, ती नजर संध्याकाळी वही उघडल्यावर घरी कशी जाईल? त्यांना कल्पना सुचत नव्हत्या असं नाही. सुचत होत्या, आणि कागदावर उतरायच्या आधीच तपासून बाद होत होत्या. भर म्हणून रात्री अंथरुणात मोबाइलवर इतरांची देखणी पानं पाहणं चालायचं. "आवडलेली साठवून ठेवते, सहाशेच्या वर झाली असतील." ती सहाशे पानं प्रेरणा देत नव्हती, प्रत्येक पान नवा परीक्षक होऊन बसलं होतं.

एवढं कळूनही पुढची चूक माझ्याकडून झाली. मी त्यांना सांगितलं, रोज दहा मिनिटं, एक पान, एकवीस दिवस, याच वहीत. पाचव्या दिवशी त्या थांबल्या. पुढच्या भेटीत माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हेही पार पाडता आलं नाही." मुदतींवर जगणाऱ्या माणसाच्या हातात मी आणखी एक मुदत दिली होती, आणि तीही सगळ्यात महागड्या वाटणाऱ्या, सगळ्यात जास्त भीती घालणाऱ्या कागदावर. मी त्यांची माफी मागितली. एकवीस दिवसांचे संकल्प मी तेव्हापासून कुणालाच देत नाही.

कोऱ्या कागदाबद्दल एक अभ्यास मला या कामात नेहमी आठवतो. करी आणि कॅसर या संशोधकांनी २००५ साली ८४ विद्यार्थ्यांना वीस मिनिटं रंगवायला बसवलं. काहींना मंडलाची, म्हणजे वर्तुळाकार नक्षीची आकृती, काहींना चौकड्यांची नक्षी, काहींना नुसता कोरा कागद. आकृती मिळालेल्यांची बेचैनी कोरा कागद मिळालेल्यांपेक्षा जास्त उतरली. २०१२ मध्ये दुसऱ्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा मंडलाचा परिणाम दिसला, चौकड्यांचा तसा दिसला नाही. त्यामुळे अमुकच नक्षी रंगवा, असा आग्रह मी धरत नाही. पण पूर्ण मोकळीक म्हणजे आराम, ही समजूत मात्र माझी कधीच गेली. घाबरलेल्या हाताला धरायला काहीतरी काठ लागतो.

पुढच्या वेळी मी सांगितलं, "ती वही घरीच राहू द्या. रद्दीत जाणारी प्रुफं घेऊन या." त्या जाडसा गठ्ठाच घेऊन आल्या. समासात लाल खुणा, बाण, वर्तुळं, काटलेली अक्षरं.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांशी रेघोट्यांचा एक खेळ खेळत. एकाने विचार न करता एक रेघ ओढायची, दुसऱ्याने तिच्यातून काहीतरी घडवायचं, मग पाळी बदलायची. आम्ही तोच खेळ त्या प्रुफांवर मांडला. मी डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ काढली. त्या कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या.

"हे काय आहे?"

"मलाही माहीत नाही."

त्यांनी कागद उलटा केला, आडवा केला. माझ्या रेघेतून काहीच निघालं नाही. पण कागद फिरवताना त्यांची नजर समासातल्या त्यांच्याच एका खुणेवर अडकली. 'हे अक्षर काढा' सांगणारी ती खूण, एक वेटोळं आणि पुढे निघालेलं शेपूट. त्या पेन उचलून पुढे वाकल्या. शेपटाच्या टोकाला दोन बारीक काड्या काढल्या, काड्यांवर दोन ठिपके.

"गोगलगाय," त्या म्हणाल्या. आणि त्याच पानावरच्या आणखी अकरा खुणांना एकेक करून डोळे फुटले.

मी त्यांना रवींद्रनाथ टागोरांची गोष्ट सांगितली. कविता लिहिताना खोडलेले शब्द ते तसेच सोडत नसत. एक काट दुसऱ्या काटेला शाईने जोडत जात, आणि त्यातून पक्षी, चेहरे, अनोळखी प्राणी उभे राहत. १९२४ च्या सुमाराच्या त्यांच्या हस्तलिखितांत हे भरभरून दिसतं. साठी ओलांडल्यावर ते खऱ्या अर्थाने चित्रांकडे वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन झालं. बाईंनी विचारलं, "म्हणजे सुरुवात खाडाखोडीतून?" मी मान हलवली. त्या परत गोगलगायींकडे बघायला लागल्या.

त्या दिवशी आम्ही प्रुफाच्याच एका कागदाची छोटी वही केली. ही वही मी जवळजवळ सगळ्यांना करायला लावते, म्हणून नीट सांगते. ए-फोर कागद घ्यायचा. लांब कड लांब कडेवर आणून घडी घालायची आणि उघडायची. मग अरुंद कड अरुंद कडेवर आणून घडी, तिच्यावर त्याच दिशेने आणखी एक घडी, आणि पुन्हा सगळा कागद उघडायचा. आठ घरं दिसतात. आता कागद अरुंद कडा जुळवून एकदाच दुमडायचा आणि दुमडीच्या बाजूने मधल्या रेषेवर फक्त एक घर कापायचं. उघडला की मधोमध दोन घरांएवढी फट पडलेली असते. शेवटी कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकलायची. फट फुगते, वरून पाहिलं तर अधिक चिन्ह दिसतं, ते एका बाजूला मिटवलं की साधारण साडेसात बाय साडेदहा सेंटीमीटरची आठ पानांची वही तयार. ना शिलाई, ना डिंक. पाच मिनिटांत होते आणि आठ पानांत संपते. संपणं फार महत्त्वाचं आहे. दोनशे पानांची वही संपत नाही, म्हणून ती आपल्यावर उपकाराचं ओझं होऊन बसते.

कागद हा त्यांचा प्रांत. "हा सत्तर-ऐंशी जीएसएमचा, पाणी लावलं तर सुरकुतणार," त्या म्हणाल्या. खरंच आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. जलरंगांना तीनशे जीएसएमच्या आसपासचा कागद चांगला. छपाईच्या कागदावर मेणखडू, बॉलपेन, कात्रणं आणि पातळ डिंकाऐवजी ग्लू स्टिक. त्या बैठकीत पहिल्यांदा त्या मला शिकवत होत्या, आणि आवाज बदलला होता.

'काय काढू?' हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला. त्याऐवजी 'आज काय दिसलं?' एवढंच. शिवाय एक अट: दोनच रंग, किंवा एकच आकार. दुपारी टेबलावर पडलेली खिडकीच्या गजांची सावली त्यांनी पेन्सिलने आखून घेतली. अर्ध्या तासाने त्याच कागदावर पुन्हा आखली, तर गज सरकलेले. एका पानावर बाहीतून निघालेला निळा धागा चिकटवला होता. भिंतीवरच्या ओलीच्या डागात त्यांना डोंगर दिसला. लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना डागाळलेल्या भिंती निरखायला सांगितलं होतं, तिथे निसर्गदृश्यं आणि लढाया सापडतात म्हणून. हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी आमची भिंत रंगवायची घाई करत नाही."

मोबाइल बंद करा, असं मी म्हटलं नाही. म्हटलं, त्या सहाशेंतली तीन पानं निवडा आणि नेमकं काय ओढून घेतं ते लिहा. तिन्ही पानांवर फाडलेल्या कडांचे कागद निघाले. मग कात्री ठेवून त्या फाडायला लागल्या. त्यांनीच मला दाखवलं की कागद तंतूंच्या दिशेने फाडला तर बऱ्यापैकी सरळ फाटतो आणि आडवा फाडला की केसाळ, वाकडी कड येते. वीस वर्षं त्यांना हे माहीत होतं. वापरायची वेळ पहिल्यांदा आली होती.

मधल्या एका आठवड्यात त्या जरा खचून आल्या. "मला खरंच चित्र येत नाही." २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात झालेला एक छोटा अभ्यास मी त्यांना सांगितला. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं मार्कर, माती, कोलाज यांपैकी जे हवं ते हाताळलं. सुमारे चारांतल्या तिघांच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक उतरलं, आणि आधी कला केलेली असण्या-नसण्याने त्यात फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यावर फार मोठी इमारत उभारू नये. मला त्यातला उरलेला चौथा माणूसही मोलाचा वाटतो. प्रत्येकाला पहिल्याच फटक्यात शांत वाटत नाही, आणि तसं न वाटणं हा दोष नव्हे. पाच दिवसांत थांबल्या तेव्हा त्या बहुधा त्या चौथ्या जागी होत्या.

"कुणी वाचलं तर?" हाही प्रश्न आला. मनातलं लिहावं आणि त्यावर कागद चिकटवावा किंवा पांढऱ्या रंगाचा जाड हात द्यावा. लिहिलेलं खाली राहतं, दिसत नाही. मात्र दुखरं लिहिणार असाल तर एक जपा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपले क्लेशदायक अनुभव लिहिले. ज्यांनी घटनेबरोबर भावनाही मांडल्या त्यांच्या आरोग्य केंद्राच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी भरल्या, पण लिहिल्यालिहिल्या मन जड होतं. म्हणून झोपायच्या तोंडावर असं लेखन मी टाळायला सांगते, आणि लिहून झाल्यावर थोडं फाडणं, चिकटवणं ठेवते. हात कामात राहिले की माणूस लिहिलेल्यातून हळूहळू वर येतो, असा माझा अनुभव आहे.

चार महिन्यांत अकरा छोट्या वह्या झाल्या. काही आठवडे एकही नाही, एकदा एका रविवारी तीन. मी मोजल्या नव्हत्या, त्याच सांगत होत्या.

शेवटच्या भेटीला ती कापडी बांधणीची वही पुन्हा टेबलावर आली. रेशमी फीत मधेच कुठेतरी होती. सुरुवात पहिल्या पानावर नव्हतीच. मी फितीपाशी उघडली. फाडलेल्या प्रुफांच्या तीन पट्ट्या, त्यांच्यावर मेणखडूचा पिवळा, आणि खाली ठळक अक्षरांत दोन शब्द: दिर्घ दुपार.

मी थांबले. पहिली वेलांटी.

"लिहिताना चुकलं," त्या म्हणाल्या. त्या वेलांटीच्या कमानीवर हिरवी पानं फुटली होती, आणि कमानीखाली, सावलीत, एक गोगलगाय बसली होती. त्यांनी हात पुढे केला आणि पान उलटून मला पुढचं दाखवलं.