रात्री पिंग का फुगतंय? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: दादा, 100 एमबीपीएसचं फायबर आहे, दिवसा सीएस टू (काउंटर-स्ट्राइक 2, गोळीबाराचा ऑनलाइन गेम) एकदम मक्खन चालतं, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, मिलिसेकंदांत) 30-35, पण रात्री साडेनऊ वाजले की 250 च्या वर, समोर उभ्या माणसाला गोळ्या घालतोय तर तो कधीच निघून गेलेला असतो. कंपनीवाला स्पीड टेस्ट मारतो, 98 दाखवतो आणि म्हणतो आमच्याकडनं ओके. गेमिंग राउटर घेऊ का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: पैसे खिशात ठेव भावा. सहा अँटेनावाला राउटर दिसायला नाद खुळा असतो, पण तुझं दुखणं कुठं आहे तेच अजून कळलेलं नाही. स्पीड टेस्टचा 98 आणि पिंग या दोन वेगळ्या गोष्टी, गेमला स्पीड लई लागतच नाही, लागतं ते पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) वेळेत जाणं. सीएस टूचे सर्व्हर मुंबईत आहेत, कोल्हापूर ते मुंबई 400 किलोमीटर धर, फायबरमधनं जाऊन परत यायला 4 मिलिसेकंद, वळसे धरले तरी 30 समजू शकतो, म्हणजे वरचे 200 कुठंतरी रांगेत थांबण्यात चाललेत नाहीतर गेमनं तुला परदेशातल्या सर्व्हरवर टाकलंय (सेटिंगमध्ये मॅक्स पिंग 80 वर आण, हा दुसरा संशय तिथंच मिटतो).

आता रात्री त्रास सुरू झाला की कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड. एकीत पिंग, स्पेस, 192.168.1.1, स्पेस, डॅश टी (तुझ्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर आयपीकॉन्फिग टाकल्यावर डिफॉल्ट गेटवेसमोर दिसतो), दुसरीत तसंच पण 8.8.8.8 ला (हा घराबाहेरचा, गूगलचा सर्व्हर). पहिल्या खिडकीत 1-2-1-3 असं शांत चालायला पाहिजे. तिथंच 90, 140, रिक्वेस्ट टाइम्ड आउट दिसायला लागलं तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही, वायफायच मार खातंय. पेठेत भिंतीला भिंत लागून घरं, प्रत्येकाचा राउटर 2.4 गिगाहर्ट्झवर, आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. लॅन केबल टाक, प्रश्न संपला. केबल जमतच नसेल तर 5 गिगाहर्ट्झ, पण राउटर त्याच खोलीत, दगडी भिंतीपलीकडं ते टिकत नाही.

पहिली शांत आणि दुसरी उड्या मारतेय? मग घरातलं अपलोड बघ. रात्री सगळे घरी येतात, फोन चार्जिंगला लागतात आणि फोटोंचा बॅकअप सुरू होतो, वर सीसीटीव्ही क्लाउडवर चढतोय. अपलोड तुंबलं की तुझं इवलंसं पाकीट म्हणजे हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं अडकलेली मोटरसायकल. बॅकअप बंद करून बघ, पिंग लगेच खाली आलं तर चोर सापडला. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पाकिटांची रांग आवरणारी सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या स्पीडच्या 85-90 टक्क्यांवर लाव, मग बॅकअप चालू ठेवून पण खेळता येतंय.

हे सगळं बंद, केबल लावलेली, तरी दुसरी खिडकी उड्या मारतेय, तर मात्र दोष बाहेरचा. दोन्ही खिडक्यांचा घड्याळासकट फोटो काढ आणि कंपनीला पाठव, त्यावर स्पीड टेस्ट दाखवून सुटता येत नाही.

प्रश्न: माइनक्राफ्टचा सर्व्हर माझ्या पीसीवर टाकला, पोर्ट 25565 फॉरवर्ड केला (बाहेरनं येणाऱ्यांसाठी राउटरमध्ये वाट उघडली), फायरवॉल पण उघडलं, तरी इचलकरंजीच्या मित्राला जॉइन होत नाही. घरात मात्र भावाला होतंय.
– राजारामपुरीतनं

उत्तर: राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता) बघ. 100.64 ते 100.127 मधला असेल तर तू सीजीनॅटच्या मागं आहेस, म्हणजे कंपनीनं एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवर बाहेरनं दिसणारा पत्ता) कितीतरी गिऱ्हाइकांत वाटलाय, आणि तुझ्या राउटरवर कितीही पोर्ट उघड, बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही. कंपनीकडं पब्लिक आयपी माग, बऱ्याच जागी त्याचे वेगळे पैसे पडतात. पैसे घालायचे नसतील तर दोघांनी टेलस्केल (दोन पीसी खाजगी नेटवर्कनं जोडणारं ॲप) टाका, फुकटात काम होतंय. आणि मित्र मोबाईलवरनं खेळत असेल तर यातलं काही करू नकोस, मोबाईलवर बेडरॉक एडिशन असते, तुझा सर्व्हर पीसीवरच्या जावा एडिशनचा, ते असेच जुळत नाहीत.

प्रश्न: व्हॅलोरंट गेममध्ये व्हॅन 9003 एरर येतंय, विंडोज 11 आहे. दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारावं लागणार.
– कळंबा

उत्तर: नेटचा संबंध नाही, सिक्युअर बूट (पीसी चालू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बंद आहे. पण डोळे झाकून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी पीसीची सेटिंग) जाऊन चालू करू नकोस, आधी सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये बायोस मोड बघ. युईएफआय (नवी पद्धत) असेल तर सिक्युअर बूट चालू कर, झालं. लेगसी (जुनी पद्धत) असेल तर डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) असणार, ती विंडोजच्याच एमबीआरटूजीपीटी टूलनं फॉरमॅट न मारता जीपीटी या नव्या मांडणीत बदलता येते, मग बायोस युईएफआयवर आणि त्यानंतरच सिक्युअर बूट. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घे, डेटाचा बॅकअप पण घे. दुकानदाराला सांग, फॉरमॅट राहू दे.