पाचवा मजला आणि जिना

"मॅडम, महिना झाला, मी लिफ्टनं गेलेच नाही. पाचवा मजला आहे आमचा."

मला आधी वाटलं, बंद जागेची भीती असणार. तसं काही नव्हतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सोसायटीच्या गणपतीत सूत्रसंचालन या बाईंकडे होतं. पाहुण्यांचं आडनाव चुकलं, खालून कुणीतरी ओरडून ते दुरुस्त केलं आणि पुढची दहा मिनिटं हातातला कागद थरथरत राहिला. आता लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर हसेल, म्हणून जिना. "लोक काय म्हणत असतील हो!"

मी विचारलं, "त्या संध्याकाळी आणखी कोण कोण चुकलं?" बराच वेळ आठवून म्हणाल्या, "एका नाचाला गाणं भलतंच लागलं होतं. कुणाचा नाच होता, ते नाही आठवत."

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला एक प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं एका गायकाचं चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. घालणाऱ्यांचा अंदाज, जवळपास निम्म्या जणांनी तो गायक ओळखला असेल. प्रत्यक्षात ओळखला जेमतेम पाव जणांनी. आपण अंदाज बांधतो तो स्वतःला वाटलेल्या लाजेवरून. मग थोडी काटछाट करतो, पण ती पुरत नाही.

तरी "कुणाचं लक्षच नसतं" असं मी कुणाला सांगत नाही. पाव म्हणजे शून्य नव्हे. बाईंना फक्त एक काम दिलं: तीन शेजारणींना विचारा, त्या दिवसाच्या सूत्रसंचालनातलं काय आठवतं. आधी स्वतःचा अंदाज लिहून ठेवा. बाईंनी लिहिलं, 'तिघींनाही आडनाव.'

पहिलीला रांगोळीचा निकाल आठवत होता, तोही तिच्या मुलीला बक्षीस न मिळाल्यामुळे. दुसरी आलीच होती प्रसादाच्या वेळेला. तिसरीला मात्र नेमकं आठवत होतं. "हो गं, आडनाव चुकलं होतं ना तुझं! पण मला तरी कुठं माहीत होतं त्यांचं आडनाव? आणि हे बघ, गवार कशी मिळाली तुला?" थरथरणाऱ्या कागदाबद्दल तिघींपैकी कुणीच काही बोललं नाही. गवारीचं बोलणं झालं ते लिफ्टमध्ये, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये.

पुढच्या वर्षीच्या सूत्रसंचालनाला मात्र बाईंनी अजून होकार दिलेला नाही.