थकलेला हप्ता आणि पुण्याची पॉलिसी

डब्लिनजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न: कौन्सिलकडून, म्हणजे स्थानिक प्रशासनाकडून, 2022 मध्ये ‘लोकल अथॉरिटी होम लोन’ घेतलं. हप्ता 1,150 युरो. पत्नीची नोकरी गेल्यापासून पाच हप्ते थकले, म्हणजे 5,750 युरो. तीन वर्षांसाठी 10 टक्क्यांनी 6,000 युरोंचं वैयक्तिक कर्ज काढून थकबाकी एकदम भरावी का? पत्राच्या शेवटी जाताजाता लिहिलंय की पुण्यातल्या एन्डोव्हमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीचा दीड लाख रुपयांचा वार्षिक हप्ता पुढच्या महिन्यात आहे, आणि कौन्सिलच्या तीन पत्रांना ‘बोनस आला की एकदम उत्तर देऊ’ म्हणून अजून उत्तर दिलेलं नाही.

कर्ज अजिबात काढू नका. त्याचा हप्ता महिना जवळपास 195 युरो. आज 1,150 जमत नाहीत, मग 1,345 कुठून आणणार?

पण खरी चूक त्या उत्तर न दिलेल्या पत्रांची आहे. उत्तर दिलं नाही की कौन्सिलच्या दप्तरी तुम्ही ‘सहकार्य न करणारे’ कर्जदार ठरू शकता, आणि मग सवलतीची दारं बंद होत जातात. बोनसची वाट बघत शून्य भरणं तर सर्वांत महाग. 500 जमत असतील तर या महिन्यापासून 500 भरा.

आजच कौन्सिलच्या कर्ज विभागाला लिहा की थकबाकीच्या प्रक्रियेत, म्हणजे ‘मार्प’मध्ये, यायचं आहे. ते प्रमाणित आर्थिक विवरणपत्र मागतील: पगारपत्रकं, बँकेची स्टेटमेंटं, सगळी कर्जं, सगळी मालमत्ता. पुण्याची पॉलिसीही त्यात येते. लपवलीत आणि नंतर सापडली, तर कोणी विश्वास ठेवणार नाही. आईवडिलांना पैसे पाठवत असाल तर तेही लिहा. फॉर्म भरायला ‘मॅब्स’ ही सरकारी खर्चाने चालणारी सेवा मोफत मदत करते: 0818 07 2000.

मागायचं काय? सहा महिने कमी हप्ता, आणि गाडी रुळावर आली की थकबाकी मुद्दलात मिळवणं. दर 3 टक्के आणि मुदत 26 वर्षं धरली तर 5,750 युरोंसाठी हप्ता जेमतेम 27 युरोंनी वाढतो. व्याजासकट एकूण 8,300 जातील, हे खरं. पण 195 पेक्षा 27 सोसवतात, आणि पुढे हात सैल झाला की जादा भरता येतात.

आता पॉलिसी. तुम्हाला विमा हवा होता, गळ्यात मारली बचत. ‘8 टक्के नक्की’ म्हणणाऱ्या एजंटाकडून तो आकडा लेखी मागून बघा, मिळणार नाही. चार हप्ते गेले, म्हणजे सहा लाख. जुन्या नियमांनुसार हमीची सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणारे पैसे, त्याच्या निम्मी असते, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. युरो शंभर रुपयांचा धरला तर 3,000 युरो, अर्ध्याहून जास्त थकबाकी. कंपनीकडून सरेंडर आणि पेड-अप (पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर पॉलिसी चालू ठेवणं) दोन्हींचे आकडे लेखी घ्या. करसल्लागाराशी एकदा बोला, मग ठरवा. तीन लाख बुडाल्याचं दुःख मोठं आहे, पण पाचवा हप्ता भरून ते परत येत नाहीत.

घरकर्जापुरतं विमाकवच कौन्सिलच्या सक्तीच्या सामूहिक योजनेतून मिळतं. थकबाकीमुळे ते खंडित झालेलं नाही ना, एवढं त्याच पत्रात विचारा. पॉलिसीचं ऑटो-डेबिट मात्र आकडे हातात येईपर्यंत थांबवा.